चादर एक, कुळं अनेक

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



पावसाळा सरला की आपल्याकडे सकाळच्या वेळी माळावर, शेताच्या बांधावर, शाळेच्या मैदानातही गवतावर ठिकठिकाणी पांढऱ्या चादरी अंथरलेल्या दिसतात. दव पडलेलं असतं म्हणून त्या दिसतात, ऊन चढलं की दिसेनाशा होतात. प्रत्येक चादरीच्या एका कडेला नळी असते आणि नळीच्या तोंडाशी कोळी बसलेला असतो. हे जाळं बहुतेक वेळा हिपासा या प्रजातीचं असतं. हिपासा लांडगा-कोळ्यांच्या कुळातली आहे. त्या कुळातले बहुसंख्य कोळी शिकारीसाठी जाळं विणतच नाहीत, जमिनीवर पळून भक्ष्य पकडतात. म्हणजे आपण रोज पाहतो ती चादर विणणारा कोळी न विणणाऱ्यांच्या घरातला आहे.

आता स्वीडनमधल्या किंवा अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या सूचिपर्णी जंगलात जाऊ. तिथे स्प्रूसच्या खालच्या फांद्यांमध्येही चादरी टांगलेल्या असतात. पण त्यांना नळी नसते, आणि कोळी चादरीवर बसत नाही, खालून उलटा लटकतो. हा कोळी आपल्या हिपासाचा सोयरा नाही. याचं कूळ लिनिफिडी. जाळ्याच्या आकारावरून नातं ठरवायला गेलं तर फसगत होते, हे मला आज सांगायचं आहे. पण तेवढ्यावर थांबायचं नाही. मग नातं ठरतं तरी कशावरून, आणि ते ठरवल्याने या जंगलांबद्दल काय कळतं, हा माझा खरा विषय आहे.

लिनिफिडी हे कोळ्यांमधलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं कूळ. उड्या मारणाऱ्या कोळ्यांचं कूळ तेवढं याच्या पुढे आहे. लिनिफिडीमध्ये 600 हून अधिक प्रजाती आणि 4,800 हून अधिक जाती आहेत. ('प्रजाती' हा शब्द मी विश्वकोशातल्या अर्थाने वापरतो आहे: प्रजातीत अनेक जाती, कुळात अनेक प्रजाती.) इतकं मोठं कूळ असूनही ते आपल्या फारसं ओळखीचं नाही, कारण त्याचा मोठा पसारा उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत आहे. शिवाय यातले निम्म्याहून अधिक कोळी दोन-तीन मिलिमीटरचे. पालापाचोळ्यात, शेवाळात, बर्फाखालच्या पोकळीत ते राहतात आणि हिवाळ्यातही हालचाल करतात.

या कुळातल्या सर्वांत जुन्या ओळखीच्या जातींतली एक लिनिफिया ट्रायँग्युलॅरिस. तिचं नाव 1757 सालचं आहे. स्टॉकहोममध्ये करखात्यात काम करणाऱ्या कार्ल क्लर्क यांनी स्वीडनच्या कोळ्यांवर लिहिलेल्या पुस्तकात ते दिलं. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणती लिनियसच्या 1758 च्या ग्रंथापासून होते, त्याआधीची नावं धरली जात नाहीत. क्लर्क यांचं पुस्तक हा त्या नियमाला केलेला एकमेव अपवाद. त्यांचं काम इतकं नेमकं होतं की प्राणिशास्त्रज्ञांनी नियम वाकवला, पण ती नावं सोडली नाहीत. नोकरी सांभाळून कोळी पाहणाऱ्या एका माणसाचा हा मान मला फार मोठा वाटतो.

या जातीचं जाळं नीट समजून घेऊ. वर आडव्यातिडव्या धाग्यांची गुंतागुंत, तिच्याखाली किंचित घुमटाकार चादर. चक्राकार जाळ्यात असतात तशा चिकट फेऱ्या इथे नाहीत. उडत आलेला किडा वरच्या धाग्यांना अडखळतो आणि चादरीवर पडतो. कोळी खालून धावतो, चादरीतूनच चावा घेतो, भक्ष्य खाली ओढून घेतो, आणि भोक पडलेलं असतं ते मागाहून सांधतो. सगळं आयुष्य उलटं लटकून काढल्यामुळे या कुळातल्या अनेकांचं पोट गडद आणि पाठ फिकी असते. इतर प्राण्यांमध्ये आपण बहुधा नेमकं याच्या उलट पाहतो.

या एका पद्धतीचे प्रकार मात्र किती! नेरिएन रॅडिआटा पातळ धुक्यासारखा घुमट विणते. उत्तर अमेरिकेतली फ्रॉन्टिनेला वाडग्याच्या आकाराची चादर विणते आणि तिच्याखाली आणखी एक सपाट चादर घालते. मधल्या जागेत स्वतः लटकते. पिटिओहायफँटिस सूचिपर्णी झाडांच्या फांद्यांत मोठी चादर टांगते. ड्रापेटिस्का झाडाच्या सालीला चिकटून राहते आणि तिचं जाळं इतकं विरळ असतं की पुष्कळ काळ ते असल्याचंच लोकांच्या ध्यानात येत नव्हतं. एकाच कुळात इतकी रूपं, आणि एकच रूप वेगवेगळ्या कुळांत. वर्गीकरण करणाऱ्याने कुठे हात घालायचा?

हात घालायची जागा आहे नराच्या तोंडाजवळ. कोळ्याला आठ पायांखेरीज पुढे आखूड पायांसारखी आणखी एक जोडी असते. तिला पाल्प म्हणतात. प्रौढ नराच्या पाल्पचं टोक फुगीर असतं आणि त्यात एक विलक्षण यंत्रणा बसवलेली असते. नर एक छोटं जाळं विणतो, त्यावर वीर्याचा थेंब सोडतो, तो पाल्पमध्ये ओढून घेतो आणि मग मादीकडे नेतो. मादीच्या पोटाखाली एपिजाइन नावाचा कठीण भाग असतो, तिथे हा पाल्प बसवावा लागतो. पाल्पवर आकडे, पडदे, खोबणी असतात. वीर्य पोहोचवणारं बारीक टोक, त्याचं नाव एम्बोलस, ते काही जातींत आखूड तर काहींत सापाच्या वेटोळ्यासारखं लांब असतं. बाजूला पॅरासिम्बियम नावाचा आकडा असतो. दोन जाती बाहेरून अगदी एकसारख्या दिसल्या तरी पाल्प सूक्ष्मदर्शकाखाली धरला की फरक उमगतो. कुलूप आणि किल्ली ही उपमा या अवयवांसाठी एकोणिसाव्या शतकातच वापरली गेली. तिच्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण ओळख पटवण्याच्या कामी पाल्पइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

पीटर व्हॅन हेल्सडिंगेन या डच अभ्यासकाने 1969 साली लिनिफिया प्रजातीची नव्याने मांडणी केली तेव्हा एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी अवयवांचे आकार तपासलेच, शिवाय नर-मादीचे हे अवयव प्रत्यक्ष एकमेकांत कसे बसतात, कोणता भाग कशाला धरतो, हेही तपासलं. त्या आधारावर लिनिफियात कोंबलेल्या अनेक जाती बाहेर काढून त्यांनी नेरिएन प्रजातीत घातल्या. वर्गीकरण म्हणजे मेलेल्या नमुन्यांची कपाटं लावणं, असा एक समज आहे. हे काम पाहिलं की तो टिकत नाही. इथे मेलेल्या नमुन्यावरून जिवंत क्रिया समजून घेतली आहे.

आणि जिवंत क्रिया किती गुंतागुंतीची असते याचं उदाहरण याच नेरिएनमध्ये आहे. नेरिएन लिटिजिओसा ही पश्चिम अमेरिकेतल्या डोंगराळ जंगलांत घुमटाकार चादर विणते. पॉल वॉटसन यांनी माँटानातल्या फ्लॅटहेड सरोवराकाठी तिचा अनेक वर्षं अभ्यास केला. वयात आलेल्या, अजून समागम न झालेल्या मादीच्या जाळ्यातून एक गंध सुटतो आणि नर त्या गंधावर येतात. पहिला नर पोहोचला की तो आधी मादीकडे जातच नाही. तो तिच्या जाळ्याचा मोठा भाग तोडून गोळा करतो आणि घट्ट गुंडाळून टाकतो. गंध रेशमातून हवेत जातो, त्यामुळे जाळं गुंडाळलं की गंध पसरायचा थांबतो, आणि दुसऱ्या नरांना पत्ताच लागत नाही. वॉटसन यांनी हे 1986 साली प्रसिद्ध केलं. ज्या जाळ्याला आपण निव्वळ शिकारीचं साधन समजतो तेच मादीचा निरोप नेणारं साधनही आहे, हे त्यातून दिसलं.

बटुकोळी म्हणावेत असे एरिगोनिनी उपकुळातले नर तर आणखी चमत्कारिक. त्यांच्या डोक्यावर उंचवटे, खाचा, शिंगासारखे फुगवटे असतात. युरोपातल्या वाल्केनेरिया अक्युमिनाटा या जातीच्या नराचे डोळे एका उंच देठावर बसवलेले आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही काही विकृती असावी असं वाटतं. पण या उपकुळातल्या कित्येक जातींत समागमाच्या वेळी मादी नराच्या डोक्याचा हा भाग तोंडात धरते आणि तिथून पाझरणारा स्राव घेते, असं दिसून आलं आहे. हे उंचवटे ओळख पटवायला फार उपयोगी, पण नातं ठरवताना धोक्याचे, कारण ते वेगवेगळ्या शाखांत पुन्हा पुन्हा उपजले आहेत. नेमकी जाळ्याचीच अडचण इथेही आहे.

आता कुळाच्या सीमांकडे येऊ. जॉन ब्लॅकवॉल यांनी 1859 साली लिनिफिडी हे कूळ मांडलं. फ्रान्सच्या यूजेन सिमॉन यांनी त्याच शतकाच्या शेवटी त्याचं स्वतंत्र स्थान काढून घेतलं आणि चक्राकार जाळी विणणाऱ्यांच्या मोठ्या कुळात त्याला उपकूळ म्हणून बसवलं. सिमॉन हे या शास्त्रातलं केवढं मोठं नाव! तरीही पुढच्या पिढ्यांनी ब्लॅकवॉल यांची बाजू उचलून धरली. त्यासाठी जे पुरावे हाती आले त्यांतला एक मला फार आवडतो, कारण तो कुणालाही दिसू शकतो. शत्रूच्या तावडीत सापडलेला कोळी पाय सोडून देतो. बहुतेक कोळ्यांचा पाय शरीराच्या अगदी जवळ, मुळाच्या सांध्याशी तुटतो. लिनिफिडींचा मात्र गुडघा आणि नडगी यांच्या मधल्या सांध्याशी. म्हणून जुन्या संग्रहातल्या बाटल्यांत लिनिफिडींचे अर्धवट पायांचे नमुने भरपूर सापडतात.

या खुणेत लिनिफिडींचा एक जवळचा भागीदार आहे, आणि त्याची कथा आपल्या हिमालयाशी जोडलेली आहे. त्याचं कूळ पिमॉइडी.

1943 साली चेंबरलिन आणि आयव्ही या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी पश्चिम अमेरिकेतल्या दमट सूचिपर्णी जंगलांतल्या काही मोठ्या, लांब पायांच्या चादर-कोळ्यांसाठी पिमोआ ही प्रजाती केली. चेंबरलिन यांनी तरुणपणी उटाहमधल्या गोशूट लोकांच्या वनस्पतिज्ञानावर काम केलं होतं, त्यांच्याच भाषेतून त्यांनी हे नाव घेतलं. तिकडे युरोपात आल्प्समध्ये आणि उत्तर स्पेनमध्ये असेच कोळी सापडले होते, पण दुसऱ्याच प्रजातिनावाखाली. आणि 1946 मध्ये फ्रान्सच्या लुई फाज यांनी भारतातल्या गुहांतल्या कोळ्यांवर निबंध लिहिला. तो आपल्याच 'रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम'मध्ये छापला गेला. त्यात हिमालयातला तसलाच एक कोळी होता. तीन खंड, वेगवेगळी नावं, आणि हे सगळे एकाच घरातले आहेत हे कुणाला नीट दिसलं नव्हतं.

जर्मनीच्या यॉर्ग वुंडरलिख यांनी 1986 साली पिमॉइडी हे स्वतंत्र कूळ केलं. गुस्ताव्हो होर्मिगा यांनी 1994 मध्ये त्याचा सविस्तर आढावा घेतला. पाल्पचा एकेक भाग तपासून कोणता गुण मुळातला आणि कोणता नंतर आलेला हे त्यांनी मांडलं. पिमॉइडी आणि लिनिफिडी हे सख्खे शेजारी ठरले. त्याच आढाव्यात हिमालयातल्या एका नव्या जातीला पिमोआ गांधी हे नाव मिळालं, आणि कॅलिफोर्नियाच्या रेडवुड जंगलातल्या एकीला एका भयकथेतल्या राक्षसाचं, पिमोआ क्थुल्हू. महात्म्याचं नाव आणि राक्षसाचं नाव एका प्रजातीत शेजारी बसलं आहे, आणि दोघांचे पूर्वज एकच.

हे पूर्वज कुठे होते? कॅलिफोर्निया, आल्प्स, हिमालय आणि पश्चिम चीन इतक्या दूरदूरच्या डोंगरांत एकाच प्रजातीचे कोळी असण्याचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण असं: उत्तर गोलार्धातल्या जंगलांत हे कूळ एके काळी खूप विस्तृत पसरलेलं होतं, हवामान बदलत गेलं तसं मधल्या प्रदेशांतून नाहीसं झालं, आणि थंड, दमट डोंगरांच्या आश्रयाने उरलं. याला बाल्टिक अंबरचा पुरावा आहे. अंबर म्हणजे प्राचीन सूचिपर्णी झाडांचा गोठलेला डिंक. सुमारे 4 कोटी वर्षं जुन्या त्या डिंकात पिमोआचे कोळी अडकलेले सापडले आहेत, आणि बाल्टिक प्रदेशात आज पिमोआ नाही. ज्या झाडांच्या सावलीत ते राहत असतील तशाच झाडांनी त्यांची नोंद जपली.

यावर डीएनएचा काळ आला. पाल्पवरून उभारलेल्या इमारतीचं आता काय होणार, अशी धास्ती अनेकांना होती. पिमॉइडी आणि लिनिफिडींचं निकटचं नातं टिकलं. पण जपान आणि चीनकडच्या वेन्ट्राउबोआ आणि पुटाओआ या दोन प्रजाती, ज्या पाल्पच्या साम्यावरून पिमॉइडीत घातल्या होत्या, 2021 साली लिनिफिडीत गेल्या. हा बदल करणाऱ्यांत होर्मिगा स्वतः होते, आणि त्या प्रजाती पिमॉइडीत घालणारेही तेच. स्वतः बांधलेली भिंत पुरावा आल्यावर स्वतः उतरवण्याची ही रीत मला शास्त्राचं सर्वांत मोठं बळ वाटते. पाल्प मात्र निकालात निघाला नाही. उलट त्याचा कोणता भाग कोणत्या भागाशी जुळवायचा हे नव्याने पाहावं लागलं, आणि पाल्पचीच समज वाढली.

इथवर नात्यांबद्दल बोललो. आता या कोळ्यांना सूचिपर्णी झाडच का लागतं ते पाहू. स्प्रूसची फांदी म्हणजे दाट सुयांचं रान. धागे बांधायला असंख्य टोकं, आणि पक्ष्यांपासून लपायला जागा. दक्षिण स्वीडनमध्ये बेंग्ट गुन्नार्सन यांनी पिटिओहायफँटिस आणि तिच्याबरोबर फांद्यांवर हिवाळा काढणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास केला. काही फांद्यांना त्यांनी जाळी लावून पक्षी दूर ठेवले. तिथे कोळी जास्त उरले. म्हणजे हिवाळ्यात छोटे पक्षी या कोळ्यांवर बऱ्याच अंशी जगत होते. हवेच्या प्रदूषणाने सुया झडलेल्या फांद्यांवर कोळी कमी सापडले. सुई गेली की कोळ्याचा आडोसा गेला, आणि मागोमाग पक्ष्याचं हिवाळ्यातलं अन्न. जंगल हिरवं आहे एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर पाहावा.

मेनच्या जंगलात कोळी स्प्रूसच्या कळ्या आणि कोवळी पानं फस्त करणाऱ्या अळ्या खातात. आणि तिथेच आणखी एक घडामोड चालू आहे. आपली युरोपातली लिनिफिया ट्रायँग्युलॅरिस अलीकडच्या दशकांत मेनमध्ये पोहोचली आणि स्थानिक फ्रॉन्टिनेलाला तिच्या जाळ्यांतून हुसकावते आहे. लिनिफियाला नव्या प्रदेशात नेणारं साधन माणसाचं असू शकतं, पण या कुळाला स्वतःचंही वाहन आहे. पिल्लं, आणि बटुकोळ्यांत प्रौढसुद्धा, उंच टोकावर जाऊन रेशमाचे धागे सोडतात आणि उडून जातात. 1832 मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे 60 मैलांवर डार्विनच्या जहाजाच्या दोरखंडांवर असे असंख्य कोळी उतरले होते. हे केवळ वाऱ्याचं काम असावं असा समज होता. ब्रिस्टल विद्यापीठात एरिका मॉर्ली आणि डॅनियल रॉबर्ट यांनी 2018 साली दाखवलं की वारा नसतानाही, नुसतं विद्युतक्षेत्र दिलं तर हे कोळी उड्डाणाच्या तयारीत येतात, आणि काही हवेत उचललेही जातात.

पण सगळेच उडू शकत नाहीत, आणि न उडणाऱ्यांचं दुःख मोठं आहे. अमेरिकेच्या दक्षिण अॅपलाशियन डोंगरांत, साधारण 1,600 मीटरच्या वर, फ्रेझर फर झाडांखालच्या ओल्या शेवाळात मायक्रोहेक्सुरा माँटिवागा नावाचा तीन-चार मिलिमीटरचा कोळी राहतो. शेवाळ आणि खडक यांच्या मधल्या फटीत तो रेशमाच्या चपट्या नळ्या विणतो. हा लिनिफिडी नाही, तो टॅरँट्युलांच्या दूरच्या नात्यातला आहे. त्याच्या प्रजातीत जगभरात दोनच जाती. दुसरी थेट खंडाच्या दुसऱ्या टोकाला, आयडाहोच्या बाजूच्या सूचिपर्णी जंगलांत. पुन्हा तीच कथा: तुटलेलं जंगल, तुटलेली नाती. युरोपातून आलेला एक मावासारखा सूक्ष्म कीटक 1957 मध्ये माउंट मिचेलवर दिसला आणि मोठी फर झाडं वाळत गेली. छत उघडं पडलं, ऊन थेट जमिनीवर आलं, शेवाळ सुकलं. 1995 साली अमेरिकी सरकारने या कोळ्याला संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं. एक झाड वाचवलं नाही म्हणून एक कोळी वाचवायला कायद्याचा आधार घ्यावा लागला, इतका तो त्या झाडाला बांधलेला.

शेवटी आपल्याकडचं. भारतात कोळ्यांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्यांत डॉ. बी. के. टिकाडर यांचं नाव अग्रभागी आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय केंद्रात त्यांनी काम केलं, महाराष्ट्रातल्या कोळ्यांवर लिहिलं, सिक्कीमचेही कोळी अभ्यासले, आणि 1987 साली भारतीय कोळ्यांवरचं त्यांचं हस्तपुस्तक आलं. पुण्यात बसून सिक्कीमच्या कोळ्यांचा विचार करता येतो, हे त्यांच्या कामावरून दिसतं. म्हणून इथल्या तरुण अभ्यासकांना मी हिमालयात जायला सांगतो. पश्चिम हिमालयात देवदार आहे, तिथले लोक ज्याला रई म्हणतात तो स्प्रूस आहे, तोश म्हणतात तो फर आहे. शेजारच्या चीनमधल्या डोंगरांतून गेल्या काही वर्षांत पिमोआच्या कितीतरी नव्या जाती नोंदल्या गेल्या. हिमालयाच्या आपल्या बाजूला तेवढं काम झालेलं नाही.

जाल तेव्हा कोळी पकडायच्या आधी जाळं पाहा. मक्याच्या पिठाची बारीक भुकटी हलक्या हाताने उडवली की चादरीचे धागे उमटतात, मग फोटो घ्या. नळी आहे का, कोळी चादरीच्या वर आहे की खाली, किती थर आहेत, हे तिथेच लिहा, कारण बाटलीत गेलेल्या कोळ्याचं जाळं पुन्हा कुणालाच पाहता येत नाही. अप्रौढ कोळ्यावरून जात ठरत नाही. तसा सापडला तर त्याला शेवटची कात टाकेपर्यंत पाळा. एकाच ठिकाणाहून नर आणि मादी दोन्ही मिळवायचा प्रयत्न करा, कारण जगातल्या कितीतरी जाती आजही केवळ नरावरून किंवा केवळ मादीवरून माहीत आहेत आणि त्यांची जोडी जुळवायचं काम पडून आहे. नमुना 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, डीएनएसाठी एक पाय त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा. आणि चिठ्ठीवर गावाचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख यांच्याबरोबर जाळं कोणत्या झाडावर होतं आणि जमिनीपासून किती वर होतं, हेही पेन्सिलीने लिहा. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.